सहा बोटांचा फरक

या, सरकून बसा इकडं. त्या लोखंडी स्टुलावर नका बसू, त्याचा एक पाय आखूड आहे. टायरच्या चवडीवर बसा, मऊ लागते. आणि बसल्याबसल्या एक सांगा, तुमच्या गाडीच्या चाकावर कोणते आकडे लिहिले आहेत? बघा, गेली नजर छपराकडे! गाडीचा रंग निवडायला घरातले पाच जण घेऊन शोरूमला जाता, सीटच्या कव्हरासाठी तीन दुकानं फिरता, काचेवर देवाचं नाव मधोमध आलं का ते चार वेळा मागं सरकून पाहता. आणि ज्या चार चाकांवर सारं घरदार बसवून शंभरच्या स्पीडनं जाता, त्यांच्याकडे पाहणार कधी? फुटल्यावर. रागावून नाही राहिली हो. रागावली असती तर बसा कशाला म्हटलं असतं?

कोहमाऱ्याच्या चौकात मी अठ्ठावीस वर्षांपासून टायरचं दुकान चालवते. हायवे एका बाजूनं नागपूरकडे जातो, दुसऱ्या बाजूनं रायपूरकडे. आडवा रस्ता गोंदियाहून येतो आणि नवेगावकडे जातो. चारही दिशांचे फुटलेले टायर माझ्या दारात. आमचे हे ट्रकवर ड्रायव्हर होते, महिन्यातले वीस दिवस बाहेर. पंक्चरचं दुकान त्यांनी टाकलं आणि मला म्हणाले, तू फक्त उघडून बसत जा, काम करायला माणूस आहे. माणूस चौथ्या दिवशी पळाला. मग मीच पहार हातात घेतली. सातवी शिकलेली बाई मी. इंग्रजी अक्षरं शाळेत जेवढी कळली नाहीत तेवढी टायरवरून कळली. सुरुवातीला ट्रकवाले दुकानात डोकावून विचारायचे, "मिस्त्री कहां है?" मी म्हणायची, "सामने खडी है, अंधा है क्या?" चार वर्षांत विचारणं बंद झालं.

आता ते आकडे. कठीण नाही, भाजी घेता येणाऱ्या माणसाला कळतात. समजा लिहिलं आहे 225/45 R18. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमधे. शेवटचा आकडा आतल्या लोखंडी रिमचा, इंचात. मधला जो पंचेचाळीस आहे तिथंच सारे फसतात. तो उंचीचा आहे, पण सरळ उंची नाही. टायरची जी बाजूची भिंत असते ती रुंदीच्या शंभरात किती, ते तो सांगतो. म्हणजे रुंदी वाढवली आणि मधला आकडा तोच ठेवला, तर टायर नुसता रुंद होत नाही, उंचही होतो. उंच चाकाचा एक फेरा लांब पडतो. एवढं कळलं की माझा अर्धा धंदा तुम्हाला कळला.

मागच्या वर्षी बिरसीच्या विमानतळावर विमान उडवणं शिकायला आलेला एक पोरगा गाडी घेऊन आला. लाल गाडी, चारही चाकांना इंजिनाची ताकद जाणारी. डोळ्यावर काळा चष्मा, तोंडात आंटी.

"आंटी, पीछे चौडे टायर डालने हैं. पीछेसे गाडी शेर दिखनी चाहिए."

मी म्हटलं, "शेर देखना है तो नागझिरा जाओ. पुढं कोणते आहेत?"

पुढं होते 225/45. मागं त्याला पाहिजे होते 255/45. मी म्हटलं, जमणार नाही. रुंद पाहिजे तर 255/40 घे. मधला आकडा उतरव, म्हणजे उंची पुढच्याइतकीच राहील. रुंदीनं शेर, उंचीनं भाऊ. त्याला ते पटेना. चाळीसचा टायर त्याला चपटा दिसत होता. म्हणाला, "आंटी, हमारे प्लेन में तो आगे का पहिया इतनासा होता है, पीछे के बडे. फिर भी उडता है!"

दुकानातले दोन गिऱ्हाईक हसले. मीही हसली. मग विचारलं, "बेटा, विमानाला चाकं पळवतात का पंखा?"

"पंखा."

"मग तिथं चाकं नुसती सोबत फिरतात. कोणी कोणाला बांधलेलं नाही. तुझ्या गाडीत पुढची आणि मागची चाकं एका दोरीत आहेत. एकाचा फेरा लांब, एकाचा आखूड, तर दोरी रोज ताणणार."

त्यानं चष्मा वर केला, पाच मिनिटं फोनवर आकडेमोड केली. पुढची भिंत एकशे एक, मागची एकशे दोन, एका मिलिमीटरचा फरक. चाळीसचेच टायर घेऊन गेला. जाताना म्हणतो, "आंटी, आपको तो इंजिनियर होना चाहिए था."

ऐकून तुम्हालाही वाटलं असेल, किती हुशार बाई. थांबा बाप्पा. हे शहाणपण मला कोणी फुकट नाही दिलं. ते मी दुसऱ्याची गाडी जाळून शिकली, आणि गाडीच्या संगं आणखी बरंच जळत होतं.

देवराव म्हणून एक शेतकरी आहे, इथून सात-आठ किलोमीटरवरच्या गावचा. पंचेचाळिशीचा असेल, मला काकू म्हणतो. धानाची शेती अर्धी ठेक्यानं देऊन त्यानं जुनी गाडी घेतली होती, चारही चाकं ओढणारी, मोठी. बिरसीला विमानानं उतरणाऱ्या, गोंदियाला रेल्वेनं उतरणाऱ्या पाहुण्यांना नागझिऱ्याच्या गेटपर्यंत आणायचं, फिरवून परत सोडायचं, असा धंदा. गाडी त्यानं परक्याकडून नाही घेतली. साळ्याकडून घेतली, म्हणजे बायकोच्या सख्ख्या भावाकडून. बायकोचं नाव कल्पना, भावाचं तुळाराम. तुळारामनं ती गाडी अंगणात झाकून ठेवून वापरलेली. बहिणीच्या घरी जाते म्हणून दिली, नाहीतर दिली नसती.

तीन वर्षांमागची नवरात्र होती. पावसाळ्यानंतर जंगल नुकतंच उघडलेलं. देवराव गाडी घेऊन आला. मागचे दोन्ही टायर पार टकले.

"काकू, मागं मोठेच टाका. पावसानं गेटपर्यंतच्या रस्त्याचा पार चिखल-गारा करून टाकला. पाहुण्याइच्या बॅगा राहतात, गाडी मागून बसते."

पुढं होते 215/65 R16, बऱ्यापैकी नवे. त्याच मापाची मागची जोडी माझ्याकडे नव्हती. गोंदियाहून यायला दोन दिवस लागणार होते. आणि त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी बिरसीहून पाहुणे घ्यायचे होते, हंगामातले पहिले. माझ्या मांडणीवर एक जोडी पडून होती, 225/70 R16. मला तेव्हा एवढं माहीत होतं की नुसत्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला मागं रुंद टायर चालतात, मी घालून दिले होते. चारही चाकं ओढणाऱ्या गाडीची माहिती मात्र कच्ची होती. मी बोलून दाखवलं, "अरे, पुढं वेगळे मागं वेगळे, चालते का नाही, कोणास ठाऊक."

तो हसला. "कायले नाई चालत? माह्या ट्रॅक्टरची चारही चाकं ओढते ना? पुढं केवढं, मागं केवढं! धानाच्या बांधीतल्या गाऱ्यात उतरते, कधी अडकला काय?"

आता बघा, आमच्याकडं धानाची रोवणी म्हणजे चिखलणी, आणि चिखलणी म्हणजे चारही चाकं ओढणारा ट्रॅक्टर. पुढची चाकं कमरेएवढी, मागची छातीएवढी. लहानपणापासून नाही, पण जेव्हापासून ट्रॅक्टर आले तेव्हापासून हे चित्र आमच्या डोळ्यात बसलेलं. नागपूर-पुण्याच्या टायरवाल्याला ही पळवाट सुचलीच नसती. मला ती पटली. खरं सांगू? पटवून घेतली. टायर मांडणीवर होते, गिऱ्हाईक दारात होतं. अर्ध्या तासात चढवून दिले. तो गेला तेव्हा मागून गाडी खरंच झकास दिसत होती.

तीन आठवडे तो माझ्या दारावरून हॉर्न वाजवत गेला. मग दिवाळीच्या आठ दिवस आधी पाहुण्यांसहित भर रस्त्यात गाडी बंद पडली. आधी वळणावर हिसके, मग खालून कण्हल्यासारखा आवाज, मग जळका वास. पाहुणे दुसऱ्या गाडीनं गेले आणि हंगामाची बाकीची बुकिंगही घेऊन गेले. गाडी ओढून गोंदियाला नेली. तिथल्या मिस्त्रीनं खोलून सांगितलं, आतलं सारं जळलं, जुनी गाडी आहे, घेताना पाहायला पाहिजे होतं. मागच्या चाकांना ताकद नेणारा मधला दांडा काढून दिला, पुढच्या दोन चाकांवर कशीबशी घरी आली.

घेताना पाहायला पाहिजे होतं! देवरावच्या डोक्यात तेवढंच वाक्य राहिलं. साळ्यानं सडका माल गळ्यात मारला. चौकातल्या हॉटेलात बसून तो चारचौघांत बोलला, "बहिनीच्याच घरी चोरी केली त्यानं." माझ्या दुकानातून ऐकू येत होतं. माझ्या हातात पाना होता, तो तसाच राहिला. जळका वास म्हणाला, वळणावर हिसके म्हणाला. मला मी चढवलेली ती मांडणीवरची जोडी आठवली.

दुसऱ्याच दिवशी मी सडक अर्जुनीला दौलत मिस्त्रीकडं गेली. त्याचा सारा जन्म ट्रॅक्टरच्या पोटात गेलेला, आमच्या ह्यांचा दोस्त. मी सरळ विचारलं, ट्रॅक्टरला पुढं लहान मागं मोठं चालते, मग कारला काऊन नाही?

तो बिडी विझवून हसला. "वहिनी, तुमी बी? ट्रॅक्टरचं पुढचं चाक लहान हाय हे कंपनीले मालूम हाय. म्हनून त्याच्या पोटातले दातेच तसे मोजून देते. मागचा एक फेरा होते तवा पुढचं जास्त फिरते, हिसाब आतूनच जुळते. कारच्या पोटात एकाले एक. तिथं चाक बदलाल त कसं?"

तो पुढं म्हणाला, "आन बांधीतून निघून डांबरीवर आला का ड्रायव्हर पयले काय करते?"

पुढच्या चाकांचा लिवर काढतो. हे मला माहीत होतं. हजार वेळा पाहिलेलं. गाऱ्यात चाक थोडं घसरून ताण सोडतं, डांबरीवर सोडत नाही, म्हणून लिवर काढतात. कारमधे तो लिवर नाही. पुढच्या-मागच्या चाकांच्या मधे तेलात बुडालेल्या तबकड्यांचा एक डबा असतो. पुढची चाकं जास्त फिरताना दिसली की त्याला वाटते, पुढची घसरून राहिली, गाडी चिखलात आहे. तो तबकड्या आवळतो, मागच्या चाकांना ताकद देतो. देवरावच्या गाडीत पुढचं चाक दर किलोमीटरला वीसेक फेरे जास्त फिरत होतं. कोरड्या हायवेवर तीन आठवडे त्या डब्याला वाटत राहिलं की आपण चिखलात आहोत. जळणार नाही तर काय.

म्हणजे तुळारामचं काही चुकलं नव्हतं. माझं चुकलं होतं.

आणि मी बोलली नाही. हे लिहायचं की नाही यावर मी चार वेळा उठली आणि बसली. आठ दिवस मी बोलली नाही. मनाला सांगत होती, आधी खात्री करू, दिवाळी जाऊ दे, त्याचा राग उतरू दे. खरी गोष्ट वेगळी होती. अख्ख्या हायवेवर टायरवाली बाई मी एकटी. "मिस्त्री कहां है" पुन्हा ऐकायचं नव्हतं. "बाईमाणसाले काय समजते" हे हॉटेलात बसून कोणी म्हणेल, आणि यावेळी ते खरं असेल, याची भीती. झाडताना चित्त नाही, जेवताना नाही. रस्त्यावरून गाडी गेली की मान आपोआप वळायची आणि मी पुढचं-मागचं चाक मोजायची. एका गिऱ्हाइकाच्या चाकाचे चार बोल्ट कसून पाचवा विसरली, त्यानंच दाखवला.

नवव्या दिवशी कल्पना आली. गोंदियाच्या बसची वाट पाहायला माझ्याकडं बसायची, तशी टायरवर बसली. भाऊबीज होऊन गेलेली. आमच्या झाडीपट्टीत भाऊबिजेनंतर गावोगाव मंडई भरते, दुकानं लागतात, रात्री नाटक राहतं, लेकीबाळी माहेरी येतात. तुळारामच्या गावची मंडई दोन दिवसांवर होती.

मी विचारलं, "जाशील ना माहेरी?"

ती पदराची किनार दुमडत राहिली. "भाऊबीज बी नाई झाली, काकू. हे म्हनतात, त्या चोराच्या घरचं पानी पेशील त इकडं नोको येऊ. अन तिकडून दादाचा फोन, माह्या बहिनीनं बी मले चोर समजलं, त मी मंडईले कोनाले बोलावू?" मग हसायला पाहत म्हणाली, "माहेर काय, चाकासारखं बदलता थोडीच येते."

तिला माहीत नव्हतं ती कोणाजवळ काय बोलली. मी शटर अर्धं ओढलं आणि म्हटलं, "आज गोंदियाले नको जाऊ. घरी चल. आणि भावाला फोन लाव. सांग, काकूनं बोलावलं, गाडीचं काम आहे."

तुळाराम मोटारसायकलनं आला पण देवरावच्या अंगणात आला नाही. कुंपणाच्या बाहेर, एक पाय जमिनीवर टेकून गाडीवरच बसून राहिला. देवराव ओसरीवर, तोंड दुसरीकडं. कल्पना दोघांच्या मधे उभी. मी थैलीतून खडू काढला, फीत काढली.

"देवराव, गाडी ढकल."

"आता काय पाहता काकू? मेलेलीची नाडी?"

"ढकल म्हटलं ना."

हवा सगळ्या चाकांत बरोबर केली. पुढच्या चाकावर, जिथं ते जमिनीला टेकतं तिथं, खडूची रेघ. तीच रेघ खाली शेणानं सारवलेल्या अंगणावर. गाडी ढकलली. चाकाचा एक पूर्ण फेरा झाला, रेघ परत जमिनीला आली, तिथं दुसरी खूण. मग मागच्या चाकाचं तसंच. दोन फेरे, दोन लांबी, अंगणावर शेजारीशेजारी. मागची लांबी पुढं निघून गेली होती. मी तिथं हात ठेवला. चार बोटं, वर दोन. सहा बोटं.

"हा फरक तुळारामचा नाही," मी म्हटलं. "ह्या गाडीच्या चारही चाकांचे फेरे सारखे पाहिजेत. मागचे मोठे टायर मी घातले. डबा ह्या फरकानं जळला. त्याची गाडी चांगली होती."

कुंपणापलीकडं मोटारसायकलचं स्टँड लावल्याचा आवाज आला. तुळाराम आत आला, वाकून त्यानं त्या खुणा पाहिल्या, स्वतःच्या बोटांनी मोजल्या. मग कल्पनाला म्हणाला, "पानी दे वो." तिनं तांब्या आणला. तो प्याला. घाईत अर्धं पाणी त्याच्या शर्टावर सांडलं, आणि दोघंही हसले, रडल्यासारखे.

देवराव मात्र माझ्याकडं पाहत होता.

"काकू, टायर चढवले तेव्हा तुमाले मालूम होतं?"

"नाही रे."

"मंग कवा समजलं?"

खोटं बोलता आलं असतं. म्हणता आलं असतं, काल. मी म्हटलं, "आठ दिवस झाले."

तो ओसरीवरून उतरला. "टायरचं सोडा. मोठे मीनंच मांगले होते, ट्रॅक्टरचं मीनंच सांगतलं. पर आठ दिवस, काकू! आठ दिवस मी भर चौकात भावासारख्या मानसाले चोर म्हनत होतो, अन तुमी समोरच्या दुकानात बसून आयकत होत्या."

मी फीत गुंडाळली, खडू थैलीत टाकला आणि निघाली.

दोन दिवसांनी तो बायकोला घेऊन सासरच्या मंडईला गेला. चौकातल्या त्याच हॉटेलात त्यानं साऱ्यांसमोर सांगितलं की साळ्याची चूक नव्हती. माझं नाव घेतलं नाही. मीच गेली आणि सांगितलं, चूक माझी. हॉटेलवाला म्हणाला, "होते वो काकू," आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला. एवढंच. एवढ्यासाठी मी आठ दिवस गिळले होते. नागपूरला भंगारातल्या गाडीचा चांगला डबा शोधून मी आणला, बरोबर मापाचे दोन टायर आणले, दौलत मिस्त्रीला घेऊन त्याच्या अंगणात बसवून दिले. देवरावनं ते होऊ दिलं. चहा केला आमच्यासाठी. स्वतः आमच्यात बसला नाही.

तेव्हापासून दुकानात चारही चाकं ओढणारी कोणतीही गाडी आली की मी आधी खडू काढते. आकडे सारखे असले तरी. एक जोडी नवी, एक घासलेली असली तरी फेऱ्यात फरक पडतो, म्हणून पुढची-मागची चाकं अधूनमधून आपसांत बदलायला लावते. लोक म्हणतात, काकू फार किचकट झाली. सून म्हणते, आई, मशीन आहे ना आता. असू दे मशीन. मला माझ्या डोळ्यानं पाहिल्याशिवाय गाडी सोडवत नाही, आणि सोडली तरी ती वळणाआड जाईपर्यंत जीव थाऱ्यावर राहत नाही.

कल्पना येते, बसची वाट पाहत बसते. तुळाराम टायर माझ्याकडूनच घेतो. देवराव येत नाही. त्याचा धंदा चांगला चालला आहे, टायर गोंदियाहून टाकतो. आठवड्यातून दोनदा पाहुणे घेऊन चौकातून जातो, गतिरोधकाजवळ गाडी हळू होते, पण तो इकडं पाहत नाही. मी पाहते. माझा नाइलाज आहे, मान वळतेच.

म्हणून हे इथं, ह्या दिवाळी अंकात, लिहून ठेवते. कल्पना हा अंक वाचते, ती त्याला वाचून दाखवेल. देवराव, तुझ्या गाडीचं पुढचं डावं चाक बाहेरच्या कडेनं घासून राहिलं आहे. महिन्यापासून पाहते. आतली तार दिसायला आता फार दिवस नाहीत, आणि गाडीत लेकराबाळांचे लोक राहतात. कल्पनाजवळ निरोप दिला होता, ती म्हणाली, हे आयकून घेतात अन उठून जातात. राग ठेव, तो तुझा हक्काचा आहे. चहा नको घेऊ, खाली नको उतरू, गाडीतच बसून राहा. दहा मिनिटांचं काम आहे, मी बोलणार पण नाही. पण ये बाबा. ह्या आठवड्यातच ये.